टांग्याचे चाक लंबगोल का दिसते?

एखादा जुना कृष्णधवल चित्रपट घरच्या दूरचित्रवाणी संचावर लागला, तर पुढच्या वेळी कथेकडे थोडे दुर्लक्ष करून त्यातील गोल वस्तू तेवढ्या पाहा. टांग्याचे चाक, भिंतीवरचे घड्याळ, जेवणाचे ताट, पौर्णिमेचा चंद्र. पुष्कळदा या साऱ्या वस्तू आडव्या पसरलेल्या, लंबगोल दिसतात आणि नायक-नायिकाही अंगाने चांगल्याच भरलेल्या वाटतात. कधी याच्या उलट प्रकार असतो. चाके गोल असतात, माणसेही बेताची असतात, पण नायकाचे कपाळ भुवयांच्या वर कोणीतरी कापून नेलेले असते. कधी चित्र अगदी यथायोग्य असते, पण त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतात आणि घरातले कोणीतरी विचारते, "संच बिघडलाय का रे?"

संच बिघडलेला नसतो. या तिन्ही प्रकारांचे मूळ एकाच भागाकारात आहे. चित्राची रुंदी भागिले चित्राची उंची, एवढाच तो भागाकार. चित्रपटाचा हा भागाकार एक आणि तुमच्या संचाच्या पडद्याचा दुसरा असला, की कोणाला ना कोणाला तडजोड करावी लागते.

प्रथम फिल्म पाहू. चित्रपटगृहांत अनेक दशके चाललेली फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असे. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन या त्याच्या साहाय्यकाने १८९० च्या सुमारास हे माप पक्के केले. फिल्मच्या दोन्ही कडांना दात्यांत अडकवण्यासाठी छिद्रे असतात आणि प्रत्येक चित्राच्या, म्हणजे चौकटीच्या, वाट्याला उंचीत चार छिद्रे येतात. दोन छिद्रांमधील अंतर ४.७५ मिमी, म्हणून एका चौकटीला १९ मिमी फिल्म लागते. छिद्रे सोडून उरलेल्या जागेत सुमारे २४.९ मिमी रुंद आणि १८.७ मिमी उंच चित्र मावते. भागाकार करून पाहा, १.३३ येतो. म्हणजेच ४ : ३. पुढे चित्रपट बोलू लागले तेव्हा ध्वनीची पट्टी फिल्मच्याच एका कडेला बसवावी लागली. चित्राची जागा थोडी आक्रसली आणि १९३२ मध्ये हॉलीवूडमध्ये १.३७ हे गुणोत्तर ठरले. फरक फार नाही. दूरचित्रवाणी आली तेव्हा तिनेही ४ : ३ चाच पडदा घेतला. आजचे संच मात्र १६ : ९ चे, म्हणजे १.७८ चे असतात.

४ : ३ चे चित्र १६ : ९ च्या पडद्यावर दाखवायचे आहे. मार्ग तीनच.

पहिला मार्ग ताणण्याचा. उंची तेवढीच ठेवून रुंदी वाढवायची. किती पट? १६/९ भागिले ४/३, म्हणजे ४/३ पट. वर्तुळाचा आडवा व्यास उभ्या व्यासाच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट होतो आणि टांग्याचे चाक अंड्यासारखे दिसू लागते. पट्टी घेऊन पडद्यावर मोजलेत तर हे गुणोत्तर बरोबर मिळेल. चाक कॅमेऱ्याच्या अगदी समोर असले पाहिजे, तिरके असेल तर हिशेब चुकेल. हा मार्ग सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत वाईट. संचाच्या दूरनियंत्रकावर 'पूर्ण पडदा' अशा अर्थाचे एक बटण असते. अनेक घरांत ते दाबलेलेच राहते आणि मग तिरळे न दिसणारे पण गुबगुबीत नट पाहायची डोळ्यांना सवय होते.

दुसरा मार्ग कापण्याचा. चित्र रुंदीला पुरेल एवढे मोठे करायचे आणि वरखाली जे उरेल ते फेकून द्यायचे. येथे फेकले जाते किती? रुंदी १६ धरली तर ४ : ३ च्या चित्राची उंची १२ येते. पडद्याची उंची आहे ९. म्हणजे १२ पैकी ३ भाग, पंचवीस टक्के चित्र गेले. १.३७ च्या चित्रातून सुमारे २३ टक्के जाते. बोलपटांच्या काळात छायालेखकाने आणि दिग्दर्शकाने त्या जवळजवळ चौकोनी जागेत माणसे विचारपूर्वक उभी केलेली असत. नर्तकी नखशिखांत दिसावी म्हणून कॅमेरा तेवढ्या अंतरावर ठेवलेला असे. आता तिचे डोके ठेवायचे की घुंगरू बांधलेले पाय? प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये अखेरीस तुकोबा गरुडविमानातून वैकुंठाला जातात. वर विमान, खाली भूमी, असा प्रसंग कापायला बसलेल्या माणसाने कात्री कोठे चालवावी? कापणारा तंत्रज्ञ प्रामाणिक असेल तर तो प्रत्येक दृश्यासाठी वेगळा निर्णय घेतो, येथे वरचे कापतो, तेथे खालचे. घाईत असेल तर यंत्राला एकदाच मध्यावर बसवतो आणि अडीच तास झोप काढतो.

तिसरा मार्ग पट्टे ठेवण्याचा. आजच्या पूर्ण स्पष्टतेच्या संचावर आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतात. उंची पूर्ण वापरली तर ४ : ३ च्या चित्राला १४४० बिंदूंची रुंदी लागते. उरले ४८०, म्हणून प्रत्येक बाजूस २४० बिंदूंचा काळा पट्टा. यात चित्राचा कणही हरवत नाही. पडद्याचा चौथा हिस्सा मात्र रिकामा राहतो आणि एवढा मोठा संच घेऊन रिकामी जागा का पाहायची, अशी तक्रार येते.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मुळात १६ : ९ हे विचित्र गुणोत्तर काढले कोणी? याची गोष्ट तुमच्या भूमितीच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. १९५० नंतर चित्रपटगृहांनी दूरचित्रवाणीशी स्पर्धा म्हणून पडदे रुंद केले. कोणी १.६६ चे चित्र काढी, कोणी १.८५ चे, ७० मिमी फिल्मवर २.२० चे, तर सिनेमास्कोपवर २.३५ चे. आपला 'शोले' (१९७५) ३५ मिमीवर चित्रित होऊन ७० मिमीच्या प्रतींवरही झळकला होता. १९८० नंतर नव्या, अधिक स्पष्ट दूरचित्रवाणीचा विचार सुरू झाला, तेव्हा अमेरिकेतील कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने या सर्व गुणोत्तरांचे आयत सारख्या क्षेत्रफळाचे कापले आणि त्यांचे मध्य जुळवून एकावर एक ठेवले. तुम्हीही पुठ्ठ्याचे आयत कापून हे करू शकता. क्षेत्रफळ १ धरले तर गुणोत्तर ग असलेल्या आयताची रुंदी √ग आणि उंची १/√ग. सर्वांत रुंद आयत २.३५ चा, त्याची रुंदी १.५३. सर्वांत उंच आयत १.३३ चा, त्याची उंची ०.८७. सगळे आयत ज्यात मावतील अशा बाहेरच्या आयताचे गुणोत्तर १.५३ भागिले ०.८७, म्हणजे सुमारे १.७७. आता सगळ्यांना सामाईक असलेला आतला आयत पाहा. त्याची रुंदी १.१५, उंची ०.६५, गुणोत्तर पुन्हा १.७७!

हा योगायोग नव्हे. १.३३ आणि २.३५ यांचा तो भूमितीमध्य आहे. या दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. त्याच्या अगदी जवळचा सुटसुटीत अपूर्णांक १६/९, आणि गंमत अशी की तो ४/३ चा वर्ग आहे. ४/३ चा घन ६४/२७, म्हणजे २.३७, हा सिनेमास्कोपच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून १६ : ९ चा पडदा कोणत्याच एका चित्रपटासाठी केलेला नाही. सगळ्यांवर सारखाच अन्याय व्हावा म्हणून काढलेली ती तडजोड आहे.

सिनेमास्कोपचे नाव निघाले आहे तर त्याच्या भिंगाकडे वळू, कारण चित्र ताणणे नेहमीच वाईट असते असे नाही. पाण्याने भरलेला काचेचा सरळ पेला घ्या आणि त्याच्या मागे, अगदी जवळ, वर्तमानपत्राचा मथळा धरा. अक्षरे रुंद झालेली दिसतील, परंतु त्यांची उंची वाढलेली दिसणार नाही. साधे बहिर्वक्र भिंग गोलाचा भाग असल्यामुळे सर्व दिशांना सारखेच मोठे करते. पेला हे दंडगोलाकृती भिंग आहे. आडव्या दिशेने त्याला वक्रता आहे, उभ्या दिशेने नाही, म्हणून तो एकाच दिशेने वाकवतो. हेन्री क्रेत्यें या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर कॅमेऱ्यासाठी भिंगसंच बनवला. चित्रण करताना तो दृश्याला आडव्या दिशेने निम्मे आवळतो. फिल्मवर सगळी माणसे बांबूसारखी उंच व अरुंद उमटतात. प्रक्षेपकापुढे तसाच भिंगसंच उलट काम करण्यासाठी लावला की चित्र आडवे दुप्पट पसरते आणि माणसे पूर्ववत होतात. फिल्म नेहमीचीच, छिद्रे नेहमीचीच, पण पडदा दुप्पट रुंद. 'द रोब' हा या पद्धतीचा पहिला चित्रपट १९५३ मध्ये प्रदर्शित झाला. भारतात गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायालेखक होते व्ही. के. मूर्ती.

अशी फिल्म दूरचित्रवाणीसाठी उतरवताना अगोदर आवळलेले चित्र दुप्पट पसरावे लागते. आज ते भिंगाने न करता गणिताने करतात. मग २.३५ चे चित्र १६ : ९ मध्ये बसवायचे. रुंदी १९२० बिंदू ठेवली तर उंची ८१७ येते आणि वर-खाली सुमारे १३१ बिंदूंचे पट्टे राहतात. ४ : ३ च्या जुन्या संचांच्या काळात हे पट्टे फारच जाड होत. म्हणून अनेकदा चित्राच्या दोन्ही बाजू कापून मधला भागच दाखवीत आणि संवाद म्हणणारा नट टोकाला उभा असला तर त्याचे नाक तेवढे पडद्यावर येई. डीव्हीडीच्या चकतीतही आवळण्याची हीच युक्ती वापरलेली असते. तेथे ४ : ३ आणि १६ : ९ दोन्ही चित्रे ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या एकाच साच्यात भरलेली असतात आणि कोणते किती पसरायचे ही सूचना सोबत लिहिलेली असते. ती सूचना चुकीची लिहिली गेली किंवा संचाने वाचली नाही, की झाले टांग्याचे चाक लंबगोल.

आतापर्यंत आपण जागेचा हिशेब केला. काळाचा हिशेब याहून अवघड आहे. बोलपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो. अडीच तासांच्या चित्रपटात २,१६,००० चौकटी आणि चार किलोमीटरहून जास्त लांबीची फिल्म असते. दूरचित्रवाणीचा वेग मात्र त्या त्या देशातील विजेच्या वारंवारतेकडे पाहून ठरला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे आधी एकाआड एक रेषा आणि मग मधल्या राहिलेल्या रेषा, असे सेकंदाला ५० हप्ते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून ३० चित्रे आणि ६० हप्ते.

२४ चे २५ करायला युरोपात व आपल्याकडे सरळ मार्ग होता. फिल्म जराशी वेगाने चालवायची, बस. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. माणसे चार टक्के लगबगीने चालतात, ते कोणाच्या लक्षात येत नाही. आवाज मात्र चढतो. प्रत्येक स्वराची कंपनसंख्या २५/२४ पट होते. तुमच्यापैकी कोणी गाणे शिकत असेल तर हा अपूर्णांक ओळखीचा वाटेल. नैसर्गिक सप्तकात कोमल गंधार षड्जाच्या ६/५ पट आणि शुद्ध गंधार ५/४ पट असतो. ५/४ ला ६/५ ने भागा, २५/२४ च येते. म्हणजे सगळे गाणे कोमल गंधारापासून शुद्ध गंधारापर्यंत जेवढे अंतर आहे तेवढे वर सरकते. सगळेच स्वर सारखे सरकल्यामुळे राग बिघडत नाही, पण तबकडीवर ऐकलेले गाणे चित्रपटात वेगळ्या पट्टीत का लागते, असा प्रश्न पेटी घेऊन बसलेल्याला पडतो. हल्ली संगणकाने आवाजाची पट्टी पुन्हा खाली आणता येते.

अमेरिकेत २४ चे ३० करायचे होते. वेग पंचवीस टक्क्यांनी वाढवला तर सारेच विनोदी दिसेल. तेथे वेगळी युक्ती काढली. क, ख, ग, घ या चार चौकटी घ्या. क दोन हप्त्यांना दाखवा, ख तीन हप्त्यांना, ग दोन, घ तीन. एकूण दहा हप्ते, म्हणजे पाच चित्रे. चारांची पाच झाली! आता या हप्त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावा : कक, खख, खग, गघ, घघ. तिसऱ्या आणि चौथ्या चित्रात दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. धावणारा घोडा अशा चित्रावर थांबवून पाहिला तर त्याच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात. चालू चित्रात ते कळत नाहीत, फक्त कॅमेरा संथपणे बाजूला फिरताना एक बारीकसा हिसका जाणवतो. रंगीत प्रक्षेपण आल्यावर या वेगांना आणखी १०००/१००१ ने गुणावे लागले. तो हिशेब येथे सोडून देऊ.

खरी अडचण संकलकाची होते. दोन-तीन-दोन-तीन असा ठेका धरलेले हे चित्रण मध्येच कापून दुसऱ्या तुकड्याला जोडले की ठेका मोडतो आणि नंतर मूळ चौकटी वेगळ्या काढणे कर्मकठीण होते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी ठेका उलटा सोडवतात, पाचांची पुन्हा चार करतात, २४ च्या वेगानेच सर्व संकलन पुरे करतात आणि ज्या देशाला जसा वेग हवा तसा अगदी शेवटी देतात. जागेच्या बाबतीतही हाच क्रम योग्य. कापणे, ताणणे, पट्टे ठेवणे हे सारे शेवटच्या प्रतीत. आजचे काही संच सेकंदाला १२० चित्रे दाखवतात, आणि १२० हा २४ व ६० यांचा लसावि आहे. अशा संचावर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येते आणि भांडण मिटते.

फिल्मवरील चित्र उतरवून घेण्याचे काम पूर्वी टेलिसिने नावाचे यंत्र करी. फिल्म सतत सरकत असे आणि प्रकाशाचा एक बारीक ठिपका तिच्यावरून रेषा रेषांनी धावे. पलीकडे किती प्रकाश पोचला ते मोजले की झाले चित्र. आजच्या यंत्रात प्रत्येक चौकट क्षणभर उजळून तिचे पूर्ण छायाचित्र घेतात. रुंदीत ४०९६ बिंदू घेतले तर फिल्मवरील एकेक बिंदू सुमारे ६ मायक्रोमीटरचा होतो. अशी एक पूर्ण चौकट साठवायला सुमारे ५१ मेगाबाइट लागतात. वरच्या २,१६,००० चौकटींशी गुणाकार केला तर अडीच तासांच्या चित्रपटाला सुमारे ११ टेराबाइट.

जुन्या फिल्मवर ओरखडे असतात. ते काढण्याचा एक उपाय भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला फार आवडावा असा आहे. दुधी काचेच्या खडबडीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. तेवढ्या जागेतून पलीकडचे दिसू लागते. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश वेडावाकडा वळतो, कारण हवा व काच यांचे अपवर्तनांक भिन्न आहेत. पाण्याचा अपवर्तनांक काचेच्या अधिक जवळचा असल्याने हे वळणे कमी होते. फिल्मच्या पायाचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे. तेवढ्याच अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवून चौकटीचे छायाचित्र घेतले, तर ओरखडा द्रवाने भरतो आणि प्रकाशाच्या दृष्टीने तो उरतच नाही. मात्र चित्र ज्या थरात आहे तो थरच खरवडला गेला असेल तर हा उपाय चालत नाही. धुळीसाठी आणखी एक युक्ती आहे. रंगीत फिल्मचे रंग अवरक्त किरणांना अडवत नाहीत, धूळ अडवते. म्हणून अवरक्त किरणांनी घेतलेल्या छायाचित्रात फक्त धूळ दिसते आणि ती कोठे आहे याचा नकाशाच मिळतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण असतात व तेही अवरक्त किरण अडवतात. तेथे ही युक्ती लंगडी पडते आणि माणसाला एकेक चौकट डोळ्यांनी तपासावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मूळ फिल्म टिकत नाही म्हणून. १९५० पूर्वीची बरीचशी फिल्म नायट्रेटची असे आणि ती भयंकर ज्वालाग्राही असते. २००३ साली पुण्यात अशा जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली. नंतरची ॲसिटेटची फिल्म सहजासहजी पेटत नाही, पण दमट हवेत कुजते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, तो त्यातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा. फिल्म आक्रसली की छिद्रे दात्यांवर बसत नाहीत, म्हणून नव्या यंत्रांत दात्यांऐवजी गुळगुळीत रूळ असतात. मूळ फिल्म नष्ट झाली तर उतरवलेली प्रत हीच मूळ ठरते. मग त्या प्रतीत कोणी पाव चित्र कापलेले असेल तर ते पाव चित्र जगात कोठेच उरत नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. इटलीतील बोलोन्या येथे तज्ज्ञांनी ती ओलावा देऊन मऊ केली, फाटलेल्या कडा आणि छिद्रे हाताने जोडली, जेथे काहीच शिल्लक नव्हते तेथे इतर प्रतींतील भाग घेतला आणि २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला, ४ : ३ च्या जवळच्या त्याच्या मूळ आकारात, दोन्ही बाजूंस काळे पट्टे ठेवून.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. तेथे 'राजा हरिश्चंद्र'चे (१९१३) उरलेले भाग जतन केलेले आहेत. मूकपटाला तर २४ चा नियमही लागू नाही. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत आणि वेग सेकंदाला १६ ते १८ चौकटींच्या आसपास असे. १६ ने टिपलेले दृश्य २४ ने दाखवले तर दीडपट वेगाने धावते. मूकपटांतील माणसे नेहमी दुडूदुडू पळताना दिसतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच. ते उतरवून घेताना चालणाऱ्या माणसाची पावले, पडणारे पाणी, उडणारे वस्त्र पाहून मूळ वेगाचा अंदाज करतात आणि काही चौकटी दोनदा घेऊन २४ ची भरती करतात.